कस्तुराची धडधड

कस्तुरा कंपनीच्या पाळणाघरात आया म्हणून लागली ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी. कंपनी चिंचवडची. तिथं बायका रांगेनं बसून तांब्याच्या बारीक तारांची कॉइल गुंडाळायच्या. बायका कामाला ठेवल्या म्हणजे पाळणाघर ठेवणं कायद्यानं भाग होतं, म्हणून गेटाच्या आतल्या अंगाला दोन खोल्या काढून दिल्या होत्या. पुढं ओटा, मागं मोरी, मध्ये लोखंडी पाळणे. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत लेकुरवाळ्या बायका धावत यायच्या, पोरांना पाजायच्या आणि भोंगा झाला की पदर सावरत परत पळायच्या.

कस्तुरा राहायला काळेवाडीत. नवरा ज्योतीराम फौंड्रीत, सासू चिमाबाई घरी, दोन मुलगे शाळेत. माणसं मूळची करमाळ्याकडची. अंगानं ती किरकोळ, बोलणं थोडं, पण हात असा हलका की दुसऱ्या कुणाकडे न राहणारं पोर तिच्या खांद्यावर मान टाकायचं. पाळणाघराच्या व्यवस्थेवर असलेल्या कुसुमताई म्हणायच्या, "मुलं माझ्याकडे बघून रडतात आणि हिच्याकडे बघून झोपतात. पगार मात्र मला जास्त!"

कंपनीत तिचं नाव झालं होतं ते आणखी एका गोष्टीसाठी, तिच्या मिशरीसाठी. रविवारी ती तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरून फडक्यातून गाळायची. त्या वासानं अख्खी चाळ खोकायची. शेजारचे दत्तोबा दारातूनच ओरडायचे, "कस्तुरावहिनी, भाजा, भाजा! तुमच्या धुरानं आमची ढेकणं मरत्यात."

मिशरीची डबी घेऊन ती कामावर यायची. तारांना डाग पडतात म्हणून लाईनवर मिशरीला बंदी होती. मग सुट्टीत पोर छातीशी लावायचं नि दुसऱ्या हाताचं बोट कस्तुराच्या डबीत घालायचं, अशी रीतच पडून गेली. मागच्या मोरीपाशी बायका उकिडव्या बसायच्या, दात घासायच्या, थुंकायच्या आणि सासूपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायच्या. तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा असायचा.

आता धडधडीचं. ती कस्तुराला लग्नाआधीपासून होती. विहिरीवर भरली घागर उचलताना पहिल्यांदा झाली, तिला तेवढंच आठवत होतं. काही चाहूल नाही, काही नाही. जात्याचा खुंटा हातातून सुटावा आणि जातं एकटंच गरगरत राहावं, तसं छातीत सुरू व्हायचं. गळ्यातली शीर उडताना दिसायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची, हातपाय गळायचे. मग जसं आलं तसंच एका झटक्यात थांबायचं. हळूहळू ओसरणं वगैरे नाही. थांबल्यावर मात्र पुन्हा पुन्हा मोरीला जावं लागायचं. हे शेवटचं ती लाजेपायी कुणाला सांगत नसे.

घरात ज्याचं त्याचं निदान तयार होतं. ज्योतीराम म्हणायचा, "चहा कमी कर. उपाशीपोटी काळा चहा ढोसतीस." शेजारची दुर्गाबाई कोकणातली, ती नजर उतरवून टाकायची, वर सब्जाचं पाणी द्यायची, म्हणजे दोन्हीपैकी एक तरी लागू पडेल. चिमाबाईंचं मत वेगळं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, रोज संध्याकाळी तिच्यापुढं मेणबत्ती लागायची, पण चिमाबाईंच्या मनातून मरीआई काही पुरती गेली नव्हती.

"ती राग धरून बसलीया," त्या म्हणायच्या.

"माझ्यावर का, आत्या? बुडवलं तुमी, आन् काळीज माझं उडवती व्हय?"

"तू गरीब गाय. गरिबावरच राग निघतो."

यावर सगळं घर हसायचं, चिमाबाईसुद्धा. आणि धडधड सुरू झाली की कस्तुरा भिंतीला टेकून डोळे मिटायची, मनात त्रिशरण म्हणायची आणि चिमूटभर मिशरी दाताला लावायची. कधी घासता घासताच छातीतलं जातं थांबायचं. मिशरीनं जीव थाऱ्यावर येतो, अशी तिची पक्की खात्री होऊन बसली होती. ते आपोआपच थांबणार होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाळणाघरात रावेतच्या यशोदाबाईंची मंदी होती, सहा-सात महिन्यांची. यशोदाबाई जुन्या गावकरी घरातल्या, मराठा. मुलीला पहिल्यांदा आणलं तेव्हा त्यांनी घरून वाटी-चमचा दिला होता आणि "ह्यातनंच भरव, दुसऱ्यातनं नको," असं सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कस्तुरानंही विचारलं नाही. मंदीला दात आले, ती कस्तुराच्या पदराला धरून उभी राहू लागली, तशी ती वाटी घरीच राहू लागली. मोरीपाशी यशोदाबाईंचं बोटही आता डबीत बिनघोर जात होतं.

एका सकाळी कस्तुरा मंदीला आंघोळ घालून उठली आणि उठताउठताच धडधड सुरू झाली. डोळ्यांपुढं काळं आलं. पोर हातातून सुटेल या भीतीनं तिनं ते होतं तिथंच, ओल्या फरशीवर ठेवलं, स्वतः शेजारी बसली आणि सवयीनं डबी उघडली. मंदीनं गार फरशीवर भोकाड पसरलं. नेमका चहाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि यशोदाबाई आत आल्या.

त्यांना दिसलं ते एवढंच: पोर उघडंवाघडं भुईवर रडतंय आणि आया भिंतीला टेकून मिशरी घासतीय.

"अगं बया! माझं लेकरू गारठ्यात टाकून मिशरीची तलफ भागवतीस? लाज न्हाई वाटत?"

कस्तुराच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं नुसती छातीवर हात ठेवून मान हलवली.

"नाटकं करू नको! सरळ सांग, जमत न्हाई म्हणून."

बायका गोळा झाल्या, कुसुमताई आल्या. तोवर धडधड थांबली होती. कस्तुरानं सगळं सांगितलं, लग्नाआधीपासूनचं सांगितलं, आणि तिथंच तिचं चुकलं असं दुर्गाबाई पुढं कितीतरी दिवस म्हणत होती. कारण कुसुमताईंचा चेहरा बदलला.

"म्हणजे हे नेहमी होतं? आणि तू एकेका पोराला कडेवर घेऊन फिरतेस?"

"फिरते. पर कदी पडू दिलं न्हाई, ताई."

"आजवर नाही. उद्याचं कोण सांगणार? डॉक्टरांना दाखव. ते काय म्हणतात ते कळेपर्यंत दुपटी धू, दूध तापव, झाडलोट कर. मुलांना हात लावायचा नाही."

कुसुमताई रीतसर तेच बोलल्या. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं आणि कस्तुरालाही ते ठाऊक होतं. पण घरी तिनं ते शब्द जसेच्या तसे सांगितले तेव्हा चिमाबाईंचा हातातला घास ताटात परत गेला.

"हात लावायचा न्हाई? असं म्हटली?"

"आजारपणामुळं म्हटली, आत्या."

"असंल. पर ह्या कानांनी हे लई येळा ऐकलंय बाई. कारणं नवी निघत्यात."

दुसऱ्या दिवसापासून कस्तुरा मोरीवर दुपटी धूत बसली. आत पोरं रडायची, तिच्या जागी लावलेली दुसरी बाई त्यांना दणादणा झोके द्यायची. मंदी रांगत उंबऱ्यापर्यंत यायची, हात पुढं करायची, आणि कस्तुरा ओले हात पदराला पुसून तसेच मांडीवर ठेवायची. झाडलोटीलाही पगार तोच मिळत होता, खाडा पडत नव्हता. ज्योतीराम म्हणाला, "मग बिघडलं कुठं?" ती म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं." दुपटी धुवायला ती त्या कंपनीत गेली नव्हती. पोरं हातात नसतील तर तिला ती नोकरीच नको होती, आणि पोरं परत मिळतील की नाही हे आता डॉक्टरांच्या हातात होतं.

विम्याच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा गेली तेव्हा नाडी अगदी व्यवस्थित चालली होती. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली. "रक्त कमी आहे," म्हणाल्या. "चहा किती? झोप होते का? काळजी फार करता का? तंबाखू?"

"छे! तंबाखू न्हाई बाई. आमच्या मालकालासुदीक न्हाई व्यसन."

ती खोटं बोलत नव्हती. तंबाखू म्हणजे चुना लावून गालात धरतात ती. बायकांनी ती खाल्ली तर लोक नावं ठेवतात. मिशरी दाताची. तिचा तंबाखूशी संबंध पानं विकत आणण्यापुरता. काळेवाडीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं हेच उत्तर दिलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी लाल गोळ्या दिल्या आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढायला पाठवलं. तिथं छातीला गार गार वाट्या चिकटवून कागदाची लांब पट्टी काढली. पट्टीत काही निघालं नाही. धडधड पळून गेल्यावर ती कागदावर कुठून सापडणार? दुर्गाबाई म्हणाली, "बघ, म्हणजे नजरच."

पट्टी घेऊन कस्तुरा पुन्हा विम्याच्या दवाखान्यात गेली. रांग मोठी होती. आता डॉक्टरीणबाई 'काही नाही' म्हणाल्या तर कुसुमताईंना काय सांगायचं आणि 'काही आहे' म्हणाल्या तर पोरं कायमचीच गेली, या घोरात ती बाकावर बसली होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. जीव रमावा म्हणून तिनं डबी काढली. एकदा लावली, थुंकून आली, पुन्हा लावली. आणि तिचं नाव पुकारलं तशी ती उठली नि उठताच छातीत जातं फिरायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघता बघता त्यांचे डोळे मोठे झाले. "असं होतं होय तुम्हाला! बरं झालं, माझ्यासमोर झालं. झोपा इथं. किती बाळंतपणं झाली?"

"दोन."

"मग शिकवायला नको. श्वास आत कोंडून धरा आणि बाळंतपणात कुंथलात तसं कुंथा."

"इथं?" कस्तुरानं पडद्याबाहेरच्या रांगेकडे पाहिलं.

"इथंच. लाजायचं नाही, मूल होणार नाहीये."

तिनं श्वास कोंडला. चेहरा तापला, कान बंद झाले. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा केलं आणि श्वास सोडता सोडता छातीत खट्कन एक ठोका चुकल्यासारखा झाला. मग सगळं शांत. इतक्या वर्षांत ते तिनं स्वतः थांबवलं असं पहिल्यांदाच घडलं होतं. तिला रडूच आलं.

डॉक्टरीणबाई तिचा हात हातात धरूनच बसल्या होत्या. मग त्यांनी तिचं बोट उलटं करून पाहिलं. नखाच्या कडेला काळं होतं.

"हे काय?"

"मिशरी, बाई. धडधड झाली की लावते. बरं वाटतं."

"आणि धडधड व्हायच्या आधी?"

बाकावरचा मघाचा वेळ कस्तुराला आठवला. मग पाळणाघरातली ती सकाळ आठवली. मंदीला आंघोळ घालण्याआधी तिनं मोरीपाशी दात घासले होते.

"मिशरी कशाची करता?"

"पानांची. तंबाखूच्या…" बोलता बोलता ती थांबली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: काळजाला ठोका मिळतो तो एका ठरलेल्या वाटेनं. तुमच्यात बहुतेक जन्मापासूनच एक आडवाट जास्तीची आहे. ठोका त्या आडवाटेला शिरला की गोल गोल फिरत बसतो. आडवाट बुजवायचं औषध माझ्याकडे नाही. पण ठोक्याला तिकडे ढकलणाऱ्या गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. रक्त कमी, पोट रिकामं, चहा कडक, झोप अपुरी, आणि वर दिवसातून इतक्यांदा ही मिशरी. ती सोडा. पाजणाऱ्या बायकांनी तर तिला शिवूच नये.

"सोडल्यावर जाईल?"

"कमी होईल. पुरती जाईल असं मी सांगणार नाही."

"मग लेकरांना घेऊ का न्हाई?"

"खाली बसून घ्या. उभ्यानं नको. आणि सुरू झालं की आधी मूल खाली ठेवायचं, मग कुंथायचं. डबी उघडायची नाही."

मिशरी सोडणं म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. डोकं ठणकायचं. सकाळी पोट साफ होईना. बोट आपसूक तोंडाकडे जायचं आणि रिकामं परत यायचं. चिमाबाईंशी तिची आयुष्यात झाली नाहीत तेवढी भांडणं तेव्हा झाली, आणि कारण एकच की सासूची मिशरी चालूच होती. शेवटी चिमाबाई मिशरी लावायला दत्तोबांच्या ओट्यावर जाऊन बसू लागल्या. कस्तुरानं भाजलेला ओवा चघळायला सुरुवात केली. पुढं थोरल्याच्या लग्नाच्या धामधुमीत तिनं मिशरी पुन्हा धरली आणि धडधडीनं पुन्हा हिसका दिल्यावर पुन्हा सोडली, पण ते ऐंशी सालचं. त्या वेळेला मात्र तिनं नेटानं सोडली.

कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं. "माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलं त्या बायकांची आहेत. त्यांना विचार. त्या हो म्हणाल्या तर घे."

दुर्गाबाईनं आदल्या संध्याकाळी मंत्र देऊन ठेवला होता. "सांग, औषध लागलं, खडखडीत बरी झाले. कोण तुझ्या छातीला कान लावून बघायला येतंय?"

कस्तुरा रात्रभर त्याच विचारात होती. खोटं बोलायचं नाही, हे ती रोज बुद्धापुढं हात जोडून म्हणायची. पण खरं सांगावं तर ओटीतली पोरं जायची.

जेवणाच्या सुट्टीत बायका मोरीपाशी बसल्या. "डबी कुठंय गं?" एकीनं विचारलं.

"डबी बंद. आता मी मिशरी करणार न्हाई," कस्तुरा म्हणाली. "तंबाखूच हाय ती. माझी धडधड तिच्यानं चाळवते, डॉक्टरीणबाईंच्या देखत झालं. अंगावर पाजणारीनं तर लावूच नये म्हणाल्या."

"अगं बाई, मग आमी जगायचं कशावर?"

"नवऱ्यावर जग," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

हसू ओसरल्यावर कस्तुरानं उरलेलं सांगितलं. "धडधड कमी झालीय, पर गेली न्हाई. जन्माची हाय. परत येनार. मी लेकरू बसूनच घेईन. आलीच तर लेकरू गोधडीवर ठेवीन, मग माझं बघीन. आंघोळ दुसऱ्या बाईनं घालायची. एवढ्यावर ज्यांना द्यायचंय त्यांनी द्या. न द्याल तर माझा राग न्हाई."

मग एकीनं आपलं पोर पुढं केलं. "घे बाई. ती दुसरी पाळणा असा झुलवती की पोराला ओकारी येती." तिच्यामागून आणखी दोघींनी दिलं. यशोदाबाईंनी मंदीला उचललं आणि दुसऱ्या बाईच्या पाळण्यात नेऊन टाकलं. "बघू," एवढंच म्हणाल्या.

असे काही आठवडे गेले. मंदी रांगत कस्तुराकडे यायची आणि यशोदाबाईंची पाठ वळेपर्यंत कस्तुरा तिला घ्यायची नाही. पाठ वळल्यावरही घ्यायची नाही.

मग एका दुपारी धडधड आलीच. भिंतीला टेकून कस्तुरा एका पोराला थोपटत होती आणि समोर यशोदाबाई मंदीला पाजत होत्या. कस्तुराचा हात मध्येच थांबला. तिनं पोर शेजारच्या गोधडीवर सरकवलं, त्याच्या अंगावर दुपटं घातलं, आणि मग डोळे मिटून श्वास कोंडला. गळ्यातली शीर ताडताड उडत होती. यशोदाबाईंनी ती पहिल्यांदाच पाहिली. त्या उठायला झाल्या, पण गोधडीवरचं पोर शांत चोखणं चोखत पडलं होतं. त्यांनी जाऊन करावं असं काही नव्हतं. कस्तुराचा चेहरा लाल झाला. एकदा, मग पुन्हा एकदा. मग तिनं लांब श्वास सोडला.

"थांबली?" यशोदाबाईंनी विचारलं.

"थांबली."

"त्या दिवशी हेच झालं व्हतं?"

"हेच."

"मग बोलली का न्हाईस तवाच?"

"बोलाय येतच न्हाई ओ. श्वासच न्हाई ऱ्हात."

तेवढ्यात भोंगा झाला. यशोदाबाईंनी पोलकं सारखं केलं आणि मंदीला घेऊन त्या दुसऱ्या बाईच्या पाळण्याकडे दोन पावलं गेल्या. मग वळल्या.

"घे हिला. उशीर झाला मला."

"आत्ताच धडधड आलीया. परत येऊ शकती," कस्तुरा म्हणाली.

"बघितलं मी. घे."

"मोरीला जाऊन येते आधी."

"जा, पण लवकर ये. सुपरवायझर माझ्या नावानं ओरडत असंल."

कस्तुरा जाऊन आली, हात धुतले, भिंतीला पाठ लावली, पाय नीट पसरले. मग तिनं ओटी पुढं केली आणि म्हणाली, "हां, आता द्या."